टरेटवरचा आकडा खरा किती? स्कोपची उंच टार्गेटवरची चाचणी

बिस्लीकर

मंडळी, लांब पल्ल्याच्या नेमबाजीत एक विषय नीट बोलला जात नाही असं मला सतत वाटतं, म्हणून हा धागा.

मी इंग्लंडमध्ये सरे परगण्यातल्या बिस्ली रेंजवर एफ-टीआर (एफ-क्लास या लांब पल्ल्याच्या नेमबाजीतला एक प्रकार) खेळतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: .३०८ किंवा .२२३ ची रायफल, पुढे बायपॉड, मागे वाळूची पिशवी, स्कोपसकट वजन ८.२५ किलोच्या आत. आमचं स्टिकलडाउन मैदान ८०० ते १२०० यार्डांचं आहे.

आता प्रश्न. फोनवरचं बॅलिस्टिक अ‍ॅप म्हणतं, १००० यार्डांसाठी ३८ एमओए (कोनाचं माप, अंशाचा साठावा भाग) चढवा. आपण टरेट (स्कोपवरची आकड्यांची फिरकी) बरोबर ३८ वर नेतो आणि गोळी आठ इंच खाली लागते. अशा वेळी बहुतेक जण अ‍ॅपमधला गोळीचा वेग थोडा कमी करतात, आकडा जुळला की पुढे जातात. माझं म्हणणं एवढंच आहे की वेगाला हात लावण्याआधी स्कोप मोजा. टरेटवर ३८ दिसतंय म्हणून आत रेटिकल (नेम धरायची फुली) ३८ सरकलं असं धरून चालायला कुठलाच आधार नाही.

अडचण अशी की या दोन्ही चुका लक्ष्यावर जवळजवळ सारख्या दिसतात. १७५ ग्रेनची गोळी, सेकंदाला साधारण २६०० फूट वेग, असं धरा. स्कोप २ टक्के कमी सरकत असेल तर १००० यार्डांवर पाऊण एमओए, म्हणजे आठेक इंच खाली. वेग १ टक्का, म्हणजे पंचवीसेक फुटांनी कमी असेल तरी जवळपास तेवढंच खाली. ६०० यार्डांवर दोन्हींपैकी कुठल्याही चुकीने गोळी दोन इंचांच्या आसपास खाली. भोकं बघून गुन्हेगार कोण ते कळत नाही. म्हणून स्कोपची चाचणी स्वतंत्रपणे, जवळच्या अंतरावर करावी लागते. तिथे वेग, हवा, वारा, काहीच मध्ये येत नाही.

पद्धत तशी साधी आहे. १०० यार्डांवर किंवा १०० मीटरवर सव्वा मीटर उंचीचा फळा उभा करा. त्यावर वरून ओळंबा सोडा आणि दोऱ्याच्या मागे उभी रेघ मारा. खाली एक ठिपका काढा. टरेट झिरोवर (जिथे नेम आणि गोळी जुळतात त्या मूळ जागी) ठेवून त्या ठिपक्यावर नेम धरा आणि ग्रुप, म्हणजे काही गोळ्यांचा संच, मारा. मग टरेट ३० एमओए चढवा, नेम त्याच खालच्या ठिपक्यावर धरा आणि दुसरा ग्रुप मारा. दोन ग्रुपांच्या मध्यांमधलं अंतर मेजपट्टीने मोजा. १०० यार्डांवर ३० एमओए म्हणजे ७९.८ सेंटिमीटर. मिलचा (मिल हे कोनाचं दुसरं माप) स्कोप असेल तर १०० मीटरवर १० मिल म्हणजे बरोबर १ मीटर.

अंतर मोजताना आळस करू नका. रेंजच्या पाटीवर १०० लिहिलेलं असतं, पण फळा बांधाच्या पुढे उभा केला की ते ९८ होतं. हातातला लेझर रेंजफाइंडर एक यार्ड इकडेतिकडे दाखवतो आणि १०० यार्डांत एक यार्ड म्हणजे १ टक्का, म्हणजे आपण जी चूक शोधतोय तिच्याच मापाची. लांब टेप घ्या आणि फळ्यापासून स्कोपच्या पुढच्या भिंगापर्यंत मोजा. फळा मागे कललेला नसावा. पाच अंशांनी कलला तर ०.४ टक्क्याचा घोळ तिथेच झाला.

७९.८ ऐवजी ७८.३ आलं, तर तुमचा स्कोप मागितल्याच्या ९८.१ टक्केच देतोय. हा आकडा अ‍ॅपमध्ये भरायची सोय बहुतेक चांगल्या अ‍ॅपमध्ये असते. तो तिथे भरा, वेग क्रोनोग्राफने (वेग मोजायच्या यंत्राने) जो दाखवला तोच ठेवा.

---

टेक्सासवासी

फार गरजेचा धागा. मी एक भर घालतो, कारण आमच्याकडे यावरून रेंजवर रोज वाद होतात.

एमओए म्हणजे १०० यार्डांवर १.०४७ इंच. पण काही स्कोपांवर एमओए छापलेलं असलं तरी प्रत्यक्ष क्लिक (टरेटचे टप्पे) १०० यार्डांना १ इंच या हिशोबाचे असतात. काही जण याला 'शूटर्स एमओए' म्हणतात. फरक ४.७ टक्क्यांचा. ३० चढवले की फळ्यावर ३१.४ इंचांऐवजी ३० इंच सरकेल. त्यामुळे बिस्लीकरांच्या चाचणीत उत्तर साडेचार-पाच टक्के कमी आलं तर स्कोप बिघडलाय असं लगेच म्हणू नका. त्याचं मापच वेगळं असू शकतं. अ‍ॅपमधलं एकक बदला, पुन्हा हिशोब करा.

आणि मिलवाल्यांनी यार्डात चाचणी केली तर १० मिलला ३६ इंच, म्हणजे ९१.४४ सेंटिमीटर. मीटर आणि यार्डांची सरमिसळ करून स्कोपला ९ टक्के चूक लावणारे लोक मी पाहिलेत.

---

दूरचा_नेम

बिस्लीकर, आदर ठेवून विरोध नोंदवतो. मी माझ्या वहीत ३००, ५००, ६००, ८००, ९००, १००० सगळ्या अंतरांचे टरेटचे आकडे लिहून ठेवलेत. प्रत्येक आकडा प्रत्यक्ष मारून काढलाय. स्कोप ९८ टक्के देतो की १०२, मला काय फरक पडतो? आणि एफ-क्लासमध्ये सुरुवातीला साइटर (गुणांत न धरायच्या अंदाजाच्या गोळ्या) मिळतातच. दोन गोळ्यांत उंची जुळवता येते. मग फळे, ओळंबे हा खटाटोप कशाला?

---

बिस्लीकर

@दूरचा_नेम, तुमचा मुद्दा अर्धा मला पूर्ण मान्य आहे. त्याच रायफलीवर तोच स्कोप, तेच काडतूस, तीच अंतरं असतील तर टक्केवारीची चूक वहीत आपोआप जिरते. म्हणून मी स्कोप विकत घेताना २ टक्के चुकीला फार भीत नाही. ती दर वेळी सारखी असेल, तर तो फक्त एक गुणक आहे.

भीती दुसऱ्या गोष्टीची आहे. ३० चढवून ३० उतरवल्यावर स्कोप झिरोवर परत येतो का? दहा वेळा केलं तर दहाही वेळा तिथेच येतो का? ही चूक वहीत जिरत नाही, कारण ती रोज वेगळी असते. एका डिटेलला (पाळीला) ८०० बरोबर, पुढच्या डिटेलला ९०० पाव एमओए वर, आणि आपण स्कोपमधला मिराज (तापलेल्या हवेची थरथर) बघत बसतो. उंच टार्गेटची चाचणी ही गोष्टसुद्धा पकडते. म्हणून फक्त वर जाऊन थांबू नका. वर, खाली, पुन्हा वर, पुन्हा खाली, असं करा.

वही नवीन जागी कामाला येत नाही, हेही आहेच. समुद्रसपाटीवर बनवलेली वही घेऊन डोंगरावर गेलात, हवा विरळ झाली, तर आकडे अ‍ॅपमधूनच काढावे लागतात. तिथे वेगात लपवलेली स्कोपची चूक बाहेर येते. शिवाय वेग बदलून जुळवलं असेल आणि एखाद्या दिवशी टरेट न फिरवता रेटिकलच्या खुणांवर नेम धरलात, तर गोळी वर जाईल. रेटिकल काचेवर कोरलेलं असतं, ते सहसा टरेटपेक्षा खरं असतं.

---

गणिताचं_पान

चाचणीचा पाया चांगला आहे, पण एक गोष्ट कोणी बोललं नाही: ग्रुपचा मध्य किती खात्रीने कळतो?

समजा रायफलीच्या गोळ्यांचा उभा फैलाव पाव एमओए आहे (प्रमाण विचलन म्हणतोय, ग्रुपची लांबी नव्हे). तीन गोळ्यांच्या ग्रुपचा मध्य साधारण ०.१४ एमओएने इकडेतिकडे असू शकतो. आपण दोन मध्यांमधलं अंतर मोजतो, म्हणून ते ०.२ होतं. ३० एमओएवर हे पाऊण टक्का. चालेल. पण कोणी १० एमओएच चढवून तीन-तीन गोळ्या मारल्या तर तेच ०.२ म्हणजे २ टक्के झाले. त्या चाचणीवरून स्कोपवर आरोप ठेवणं चूक आहे.

म्हणून दोन नियम. जमेल तितकं जास्त चढवा, निदान तुम्ही सामन्यात जितकं वापरता तितकं. आणि प्रत्येक ग्रुपला दहा गोळ्या मारा. दहा गोळ्यांनी तीच अनिश्चितता ३० एमओएवर ०.४ टक्क्याच्या खाली येते. गोळ्यांचा खर्च जड वाटत असेल तर गोळी न मारता करायची पद्धत आहे, ती कोणीतरी लिहा.

---

बिस्लीकर

लिहितो. मला स्वतःला ती जास्त आवडते.

स्कोप रायफलीवरून काढा (किंवा रायफल रिकामी करून, बोल्ट काढून) आणि जड व्हाइसमध्ये असा आवळा की अजिबात हलणार नाही. जाड लोखंडी ठोकळ्यावर रेल (स्कोप बसवायची पट्टी) बोल्टने बसवून त्यावर स्कोप रिंगांत आवळला तर उत्तम. स्कोपच्या नळीला थेट व्हाइसच्या जबड्यात धरू नका. १०० यार्डांवर सेंटिमीटरच्या जाड रेघांचा उभा फळा लावा. रेटिकल वरच्या रेघेवर आणा (स्कोप स्थिर असताना टरेट चढवलं की रेटिकल फळ्यावर खाली सरकतं), मोठेपणा सगळ्यात जास्त ठेवा, पॅरलॅक्स (डोळा हलला की रेटिकल सरकल्यासारखं दिसणं) पूर्ण घालवा. डोकं थोडं हलवून बघा, रेटिकल फळ्यावर जागचं हलता कामा नये. हे नीट नसेल तर पुढचं सगळं मोजमाप वाया.

मग पाच-पाच एमओएने चढवत जा आणि प्रत्येक ठिकाणी रेटिकल कुठल्या रेघेवर आहे ते कागदावर लिहा. सुरुवातीला, मधे आणि टोकाकडे सरकण्याचं प्रमाण सारखं आहे का तेही कळतं. स्कोपच्या आतली इरेक्टर नळी एका बाजूने टरेटच्या स्क्रूवर आणि दुसऱ्या बाजूने स्प्रिंगवर टेकलेली असते. हालचालीच्या टोकाला स्प्रिंगचा दाब बदलतो, तिथे काही स्कोप क्लिक खातात. एखादा क्लिक फिरतो पण रेटिकल हलत नाही, पुढच्या क्लिकला दोन एकदम हलतं. परत येताना हे विशेष बघा. वरून ३० वर येणं आणि खालून ३० वर येणं यात फरक पडत असेल, तर थ्रेडमध्ये प्ले (ढिलेपणा) आहे. असा स्कोप वॉरंटीत परत पाठवावा. त्याच्यासाठी कुठला गुणक लिहिणार?

मात्र एक लक्षात ठेवा. व्हाइसमधल्या स्कोपला बाराचा धक्का बसत नाही. बार झाल्यावर झिरो हलतो का, हे फक्त गोळ्या मारूनच कळेल. म्हणून मी मोजमाप व्हाइसमध्ये करतो आणि झिरो परत येतो का ते रायफलीवर.

---

टेक्सासवासी

+१. शिवाय रिंगा आणि रेलचे स्क्रू कंपनीने दिलेल्या टॉर्कवर आवळलेत का ते आधी बघा. अनेकदा स्कोपवर येणारा आळ खरं तर रेलच्या सैल स्क्रूचा असतो. अ‍ॅक्शनचे (बोल्ट बसतो त्या भागाचे) स्क्रूसुद्धा तपासा.

कोलिमेटरबद्दलही (स्कोप जुळवायच्या साधनाबद्दल) लिहितो. रायफलीच्या नळीत बसवायचे जे कोलिमेटर मिळतात त्यावर जाळी छापलेली असते आणि लोक त्यावर क्लिक मोजतात. त्या जाळीचं माप कितपत खरं, हे कोणी तपासत नाही. झिरो परत येतो का हे बघायला ते ठीक आहे. टक्केवारी काढायला नाही.

---

मानसी_बालेवाडी

नमस्कार. हा धागा मोठ्या रायफलींचा आहे, तरी विचारते. माझी मुलगी पुण्यात बालेवाडीला ५० मीटर प्रोन (पालथं पडून नेमबाजी) करते. तिची साइट डायॉप्टर (छोट्या भोकातून बघायची) आहे, स्कोप नाही. तिच्या साइटचे क्लिक असेच तपासता येतील का? कधी कधी ती म्हणते, दोन क्लिक दिले पण गोळी गेलीच नाही.

---

कोल्हापूर५०मी

मानसीताई, अगदी तपासता येतील, आणि तुमच्याकडे ते आमच्यापेक्षा सोपं आहे.

आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) रायफल प्रकारांत स्कोप चालत नाही, मागे डायॉप्टर आणि पुढे रिंगचीच साइट. आमच्या राधानगरीच्या स्वप्निल कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनचं कांस्य याच साइटवर मिळवलं, आणि तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोनमध्ये जगज्जेत्या झाल्या. १० चं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं. तिथे एक क्लिक न हलणं म्हणजे दहाचा नऊ.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट असेल तर प्रत्येक गोळीची जागा पडद्यावर दिसते, मेजपट्टी लागत नाही. मुलीला सांगा, आडवं पडून, रायफल बॅगेवर टेकवून दहा गोळ्या मध्यावर मारायच्या. मग उजवीकडे वीस क्लिक देऊन, नेम तोच ठेवून, दहा गोळ्या. परत वीस क्लिक डावीकडे, पुन्हा दहा. पहिल्या आणि तिसऱ्या ग्रुपचा मध्य जुळला पाहिजे. मग हेच वर-खाली करा.

ती जे सांगतेय त्यावरून मला प्ले वाटतो. दिशा बदलली की पहिला एक-दोन क्लिक रिकामा जातो. बऱ्याच जुन्या साइटना ते असतं. उपाय असा की नेहमी एकाच दिशेने शेवटचा क्लिक द्यायचा. डावीकडे तीन हवेत तर पाच द्यायचे आणि दोन परत यायचं. पण ती रोज जिथे सराव करते तिथल्या कोचना विचारल्याशिवाय साइट उघडू नका.

---

मानसी_बालेवाडी

काका, मनापासून धन्यवाद. या रविवारी तिच्या कोचसमोर करून बघू.

---

दूरचा_नेम

बिस्लीकर, झिरोवर परत येण्याचा मुद्दा पटला. वहीवर माझा विश्वास आहेच, पण परत येण्याची चाचणी मी करणार.

एक शंका. ओळंबा खरंच लागतो का? स्कोपवर बबल लेव्हल आहे की.

---

बिस्लीकर

लागतो. बबल कोणाच्या संदर्भात बसवलाय, हा प्रश्न आहे. तो बंदुकीच्या रेलशी समांतर असेल आणि रेटिकल त्याच्याशी एक अंश तिरकं असेल, तर बबल मध्यात दिसतो आणि रेटिकल तिरकं चालतं. गवंडी भिंत पाणसळीने बघतो तरी उभ्या रेषेला ओळंबाच सोडतो, त्याला कारण आहे.

व्हाइसमध्ये स्कोप असताना रेटिकलची उभी रेघ ओळंब्याच्या दोऱ्यावर बरोबर बसवा. मग ३० एमओए चढवत न्या. रेटिकलचा मध्य दोऱ्यावरून खाली गेला तर ठीक. ८० सेंटिमीटर सरकताना तो १.४ सेंटिमीटर बाजूला गेला, तर टरेटची हालचाल आणि रेटिकल यांत एक अंशाचा तिरकेपणा आहे.

एक अंश ऐकायला किरकोळ वाटतो. पण ३८ एमओए चढवल्यावर तो ०.६६ एमओए आडवा होतो. १००० यार्डांवर जवळजवळ सात इंच! आमच्या टार्गेटवर ५ चं वर्तुळ १० इंचांचं आणि आतलं व्ही ५ इंचांचं असतं, म्हणजे मध्यावर धरलेली गोळी थेट ४ मध्ये. आणि लोक काय करतात? उजव्या वळणाच्या नळीतून गोळी आपसूक उजवीकडे जाते, त्या स्पिन ड्रिफ्टच्या खात्यात हे टाकतात, नाहीतर वाऱ्याच्या. १००० यार्डांवर .३०८ चा स्पिन ड्रिफ्ट साधारण याच मापाचा असतो, म्हणून ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. रेटिकल डावीकडे तिरकं असेल तर दोन्ही एकमेकांना खातात आणि नेमबाजाला वाटतं माझ्या रायफलीला स्पिन ड्रिफ्ट नाहीच.

तिरकेपणा सापडला तर स्कोप रिंगांत असा फिरवून बसवा की टरेटची हालचाल ओळंब्याला समांतर होईल. मग रेटिकल डोळ्याला जरा तिरकं दिसेल, ते चालवून घ्या. टरेट फिरवणाऱ्यासाठी टरेटची हालचाल महत्त्वाची. फक्त रेटिकलवर नेम धरून खेळणाऱ्याने मात्र रेटिकल सरळ ठेवावं. दोन्ही करणाऱ्याने एक अंशाहून जास्त तिरका स्कोप ठेवूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

---

ठाणे_एअरगन

मी ठाण्यात एअर रायफलवर स्कोप लावून खेळतो. माझ्याकडे २५ मीटरच जागा आहे. तेवढ्यावर हे करण्यात अर्थ आहे का?

---

गणिताचं_पान

अर्थ आहे, पण काळजी चौपट. २५ मीटरवर १० मिल म्हणजे २५ सेंटिमीटर. एक मिलिमीटर चुकीचं वाचलं की ०.४ टक्का गेला. अंतर मोजताना टेप स्कोपच्या पुढच्या भिंगाऐवजी डोळ्याजवळ धरली तर तीस-पस्तीस सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणजे १ टक्क्याहून जास्त. १०० मीटरवर तोच फरक ०.३ टक्का असतो, तिथे खपतो, २५ वर नाही. आणि तुमचा स्कोप २५ मीटरवर पॅरलॅक्स घालवू शकतो का ते बघा. बरेच स्कोप ५० च्या खाली जात नाहीत. नसेल जात तर ही चाचणी तिथे करू नका.

---

ठाणे_एअरगन

माझा १० मीटरपासून फोकस होतो. बिस्लीकर, रेघांचं टार्गेट कुठून छापून घेऊ? घरच्या प्रिंटरवर दोन पानं जोडून चालेल?

---

बिस्लीकर

तुमच्या २५ सेंटिमीटरसाठी एक ए४ पान उभं पुरतं, जोडू नका. जोडावर हमखास एक-दोन मिलिमीटर जातात. छापताना 'पानात बसवा' हा पर्याय बंद करा, तो चालू असला की प्रिंटर चित्र तीन-चार टक्के लहान करतो. छापल्यावर स्टीलच्या पट्टीने पहिल्या रेघेपासून शेवटच्यापर्यंत मोजून घ्या. १०० मीटरवाल्यांनी प्लॉटरवर एकसंध छापून घ्यावं, किंवा सरळ पांढऱ्या प्लायवर पट्टी ठेवून मार्करने रेघा माराव्यात. पाऊस, दव असलेल्या सकाळी कागद ताणला जातो, म्हणून फळ्यावर चिकटवल्यानंतर आणखी एकदा मोजा.